प्राचीन मेसोपोटेमियात तंतुवाद्य कसे जुळवत? आपल्या मूर्च्छनांशी (त्याच सात स्वरांत आरंभस्वर बदलून मिळणाऱ्या क्रमांशी) त्याचा संबंध आहे का?

जुळवण्याची कृती उर इथे सापडलेल्या, इ.स.पू. १८०० च्या सुमाराच्या मातीच्या पाटीवर आहे. 'सम्मू' हे वाद्य नऊ तारांचे. ८ आणि ९ या तारा म्हणजे १ आणि २ यांचेच स्वर, एक सप्तक खाली.

पाट्यांत षड्ज ठरवून दिलेला नाही. समजायला सोपे म्हणून पहिली तार वरचा सा धरा. मग क्रम उतरता येतो: सा नि ध प म ग रे सा नि. ही 'इशर्तू' जुळणी, म्हणजे आपल्या बिलावल थाटाचे स्वर. षड्ज-पंचम किंवा षड्ज-मध्यम भावाच्या, म्हणजे सा-प किंवा सा-म इतक्या अंतराच्या, सात जोड्या छेडल्या तर सहा स्वच्छ लागतात. ५–२ ही जोडी, म्हणजे म आणि नि, खटकते. आता ५ वी तार नि शी षड्ज-मध्यम भावाने मिळेपर्यंत चढवा. मध्यम तीव्र होतो, कल्याण थाट मिळतो, ही 'कब्लीतू'. आता १–५ खटकते, म्हणून १ चढवायची. तिच्याबरोबर ८ चढवायला विसरलात तर सप्तकच बिघडते. पुढे ४, ७, ३, ६ आणि शेवटी २ व ९. सात पायऱ्यांत सात जुळण्या होतात आणि इशर्तू पुन्हा येते, पण अख्खे वाद्य अर्ध्या स्वराने चढलेले असते.

शुद्ध पंचमांनी जुळवल्यास ही चढण सुमारे ११४ सेंट भरते (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग), म्हणजे प्रत्येक तारेवर साधारण १४ टक्के जास्त ताण. आतड्याच्या तारा आधीच कडक असतील तर तुटतील, म्हणून या वाद्याची आज प्रतिकृती केली तर तिच्यावर मी उलटा मार्गच सुचवेन. तोही पाटीत आहे: इशर्तूत २ आणि ९ उतरवा, नि कोमल होतो, खमाज थाटाचे स्वर येतात, ही 'कितमू'.

आधुनिक अभ्यासकांनी आधी केलेले जुळण्यांचे तक्ते वापरताना जपा. त्यांत पहिली तार खर्जाची धरल्याने चढ-उतार उलटे आहेत. पाटीतल्या एका ओळीचे वाचन सुधारल्यावर अभ्यासक ऑलिव्हर गर्नी यांनी १९९४ मध्ये मांडणी बदलली.

या पद्धतीचा प्रसार पश्चिमेला स्पष्ट दिसतो. सीरियातल्या उगारित इथे इ.स.पू. १४०० च्या सुमाराच्या हुर्रियन भाषेतल्या स्तोत्रात तारांच्या जोड्यांची हीच अक्कादी (मेसोपोटेमियातल्या भाषेतली) नावे किंचित बदलून येतात, आणि स्तोत्राची जुळणी 'निद कब्ली', म्हणजे वरच्या सातांपैकीच एक, अशी नोंदलेली आहे.

मूर्च्छनेत मात्र तारा तशाच ठेवून आरंभस्वर सरकतो. मेसोपोटेमियाच्या पद्धतीत तारेचा स्वरच बदलतो. हाती येणारे स्वरसमूह सारखे निघतात, कारण दोन्हीकडे सात स्वर आणि षड्ज-पंचम भाव आहे. थेट देवाणघेवाणीचा पुरावा नाही.