एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर मैदानात कधी परतावे?

तुमची परिस्थिती थोडक्यात अशी : एसीएलच्या (गुडघ्याच्या आत हाडांना बांधून ठेवणाऱ्या अस्थिबंधाच्या) शस्त्रक्रियेला पाच महिने झाले आहेत, गुडघा दुखत नाही, सूज नाही, सरळ रेषेत धावता येते आणि प्रशिक्षक फुटबॉलच्या सरावसामन्यात उतरा म्हणत आहेत. तेव्हा उतरावे का, आणि दुसऱ्या गुडघ्यावर हीच वेळ येऊ नये म्हणून काय करावे, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर स्पष्ट देतो : आत्ता उतरू नका. न दुखणारा गुडघा खेळायला तयार असतोच असे नाही.

कारण आत बसवलेला ग्राफ्ट. कंडरेचा तो तुकडा बसवल्या दिवसापासून अस्थिबंधाचे काम पूर्ण ताकदीने करू शकत नाही. त्यातल्या जुन्या पेशी आधी मरतात, मग नव्या रक्तवाहिन्या आणि नव्या पेशी आत शिरतात, आणि या फेरबांधणीच्या सुरुवातीच्या महिन्यांत तो बसवला तेव्हापेक्षाही कमजोर झालेला असतो. हे काम वर्षभर, कित्येकदा त्याहून अधिक काळ चालते आणि त्याची कळ कधीच येत नाही. डेलावेअर आणि ऑस्लो येथील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, नऊ महिन्यांपर्यंत पुनरागमन लांबवलेल्या प्रत्येक महिन्यामागे गुडघ्याला पुन्हा इजा होण्याचे प्रमाण सुमारे ५१ टक्क्यांनी घटले. बार्सिलोना क्लबची फुटबॉलपटू अलेक्सिया पुतेयास जुलै २०२२ मध्ये याच दुखापतीने बाहेर गेली आणि एप्रिल २०२३ च्या अखेरीस परतली. एवढ्या मोठ्या क्लबचे वैद्यकीय पथक दिमतीला असूनही तिला नऊ महिन्यांहून अधिक काळ लागला, हे प्रशिक्षकांना जरूर सांगा.

तरी निव्वळ नऊ महिने भरले म्हणजे झाले, असेही नाही. ऑपरेशन झालेल्या पायाच्या क्वाड्रिसेप्सची, म्हणजे मांडीच्या पुढच्या स्नायूंची, ताकद दुसऱ्या पायाच्या किमान ९० टक्के असावी आणि लंगडी उडीच्या चाचण्यांतही तेवढेच अंतर गाठता यावे, हा निकष फिजिओथेरपिस्ट सहसा लावतात. यात एक मेख आहे. इतके महिने खेळ बंद असल्याने चांगला पायही उतरलेला असतो, त्यामुळे टक्केवारी आहे त्यापेक्षा बरी दिसते. म्हणून आकड्याइतकेच हालचालीकडेही लक्ष द्यावे. मोबाइल समोर ठेवून दोन्ही पायांवर सावकाश बैठका मारा आणि चित्रीकरण पाहा : कंबर नकळत चांगल्या पायाकडे सरकत असेल, तर दुखावलेला पाय अजून अंग चोरतो आहे. मग एका पायावरच्या उडीचे चित्रीकरण बाजूने करा. अंतर सारखे भरूनही जमिनीवर टेकताना गुडघा ताठ राहत असेल आणि धड पुढे झुकत असेल, तर गुडघ्याचे काम नितंब आणि कंबर करत आहेत. ही पळवाट मोजपट्टीवर दिसत नाही.

याच चर्चेत दुसऱ्या एका सदस्याने आपला अस्थिबंध शस्त्रक्रियेविना सहा आठवड्यांत बरा झाल्याचे लिहिले आहे. ते वर्णन गुडघ्याच्या आतल्या कडेच्या एमसीएलचे वाटते. तो बहुतेक वेळा पट्टा आणि व्यायाम यांवर भरून येतो. त्याच्या मुदतीवरून तुम्ही आपला हिशेब मांडू नये.

आता दुसऱ्या गुडघ्याविषयी. व्यावसायिक पुरुष फुटबॉलपटूंच्या एसीएल दुखापतींच्या चित्रफिती तपासल्या असता सुमारे ८५ टक्के प्रसंगांत गुडघ्यावर थेट आघात झालेलाच नव्हता, आणि सर्वाधिक प्रसंग चेंडू असलेल्या प्रतिस्पर्ध्यावर धावून जाताना अचानक थांबण्याचे किंवा वळण्याचे होते. पाय रोवलेला, गुडघा जवळजवळ सरळ, धड बाजूला कललेले आणि पुढच्या क्षणी गुडघा आत कोसळलेला, असा तो क्रम असतो. फिफाचा ‘११ प्लस’ हा सराव नेमका याच सवयीवर काम करतो : धावणे, ताकद, तोल आणि उड्या यांचे १५ व्यायाम, सुमारे २० मिनिटे, आठवड्यातून किमान दोनदा. नॉर्वेतील किशोरवयीन मुलींवरील २००८ च्या मोठ्या चाचणीत हा सराव करणाऱ्या संघांमध्ये गंभीर दुखापती जवळपास निम्म्या झाल्या होत्या. पण संघ तो हंगामाच्या सुरुवातीला उत्साहाने करतात आणि सामने सुरू झाले की पहिल्यांदा त्यालाच कात्री लावतात. शिवाय तो घाईने उरकला तर शरीर केवळ गरम होते. उडीनंतर गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत राहतो की नाही, हे जोडीदाराने प्रत्येक वेळी पाहिले पाहिजे. मांडीच्या मागच्या स्नायूंसाठीचा नॉर्डिक व्यायाम त्यात आहेच, तो कंटाळवाणा म्हणून गाळू नये.

तोवर संघासोबत अजिबात राहू नये, असे मात्र माझे म्हणणे नाही. शल्यविशारद आणि फिजिओथेरपिस्ट यांची संमती असेल, तर आत्ता पासिंग आणि सरळ धावणे करता येईल. पुढे ठरवून घेतलेली वळणे, मग समोरच्याला पाहून ऐन वेळी घ्यावी लागणारी वळणे, त्यानंतर धक्काबुक्कीचा सराव आणि शेवटी सामन्यातली मोजकी मिनिटे, असा क्रम ठेवा. प्रत्येक टप्प्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही गुडघे शेजारी ठेवून पाहा. सूज दिसली, तर मागच्या टप्प्यावर जा; आणि गुडघा एकदा जरी निसटल्यासारखा वाटला, तर सराव थांबवून थेट शल्यविशारदांना दाखवा.