शेअर परत मागण्याआधी

चि. बेटा,

तुझं पत्र पोचलं. दुधाचा दर उतरलाय, त्यात दहा दिवसांच्या प्रत्येक बिलातून तुमची सहकारी दूध संस्था शेअरची रक्कम कापते. म्हणून राजीनामा द्यायचा, शेअर परत घ्यायचा आणि दूध खासगी संकलन केंद्रावर घालायचं, असं तुझं जवळजवळ ठरलंय. तुझा राग मला पटतो. पण दर आणि शेअर हे दोन हिशेब तू एकाच वहीत लिहितोयस. ते आधी वेगळे कर.

दर तुझ्या संस्थेने पाडलेला नाही. गायीचं जास्तीचं दूध पावडर आणि लोण्यात जातं. पावडरीचा भाव पडला की खरेदीदर पडतो. पश्चिम महाराष्ट्राच्या मानाने विदर्भात दूध थोडं, नागपूर शहर एवढं मोठं गिऱ्हाईक शेजारी, तरी आपला भाव तिकडच्या पावडरीच्या साठ्यावर हलतो. हे मला आजही खटकतं. 2024 मध्ये सरकारने गायीच्या दुधाला आधी लिटरमागे 5 रुपये आणि ऑक्टोबरपासून 7 रुपये अनुदान दिलं. ज्यांच्या गायींच्या कानात टॅग होता आणि बँक खातं आधारशी जोडलेलं होतं त्यांनाच ते मिळालं. तुझ्या दोन्ही गायींचे टॅग सरकारी पोर्टलवर तुझ्याच नावावर आहेत ना, ते या आठवड्यात पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन बघ. खासगी केंद्राचा दरही त्याच पावडरीला बांधलेला असतो. उन्हाळ्यात दूध कमी असताना केंद्रवाला दोन रुपये जास्त देईल. हिवाळ्यात दूध वाढलं की कपात तिथे आधी होते, आणि तिथे तुला मत नसतं.

आता शेअर. तो गुंतवणूक म्हणून बघशील तर निराश होशील. सहकार कायद्याने लाभांशाला 15 टक्क्यांची मर्यादा आहे आणि नफ्यातला किमान चौथा हिस्सा आधी राखीव निधीत जातो. सभासदाचा खरा फायदा दरफरकात, म्हणजे संस्था दुधाच्या दरावर मागाहून वाटते त्या जादा रकमेत असतो, आणि तो शेअरवर नाही, घातलेल्या लिटरवर मिळतो. शेअर कितीही असोत, मत एकच. म्हणजे पाच गायीवाल्या पाटलाचं आणि तुझं वजन सभेत सारखं. हे सोडून देण्यासारखं नाही.

पण कपात कशाची, हे विचारायलाच हवं. बिलावर नुसतं ‘कपात’ लिहिलेलं मला चालत नाही, तुलाही चालू नये. शेअर असेल तर दाखला मिळतो. ठेव असेल तर व्याज किती आणि परत कधी, हे ठरलेलं असतं. इमारत निधी किंवा विकास निधी असेल तर तो पैसा बहुधा परत येत नाही, म्हणून त्याचा ठराव कोणत्या सभेत झाला ते बघावं. उपविधी, म्हणजे संस्थेची नियमावली, आणि शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद संस्थेच्या कार्यालयात फुकट पाहण्याचा सभासदाला हक्क आहे. सचिव टाळाटाळ करेल तर अर्ज लेखी दे आणि पोच घे. शेअर परत कधी मिळतो हेही उपविधीतच असतं. राजीनामा दिला की दुसऱ्या दिवशी पैसा हातात, असं होत नाही.

तू पाठवलेल्या पावत्यांवर फॅट 3.3 आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घनपदार्थ, 8.2 आहे. प्रमाण 3.5 आणि 8.5. 0.1 चा एक पॉइंट, म्हणजे फॅटचे दोन आणि एसएनएफचे तीन असे पाच पॉइंट कमी. 2024 च्या शासन निर्णयातल्या पॉइंटमागे 30 पैसे या हिशेबाने लिटरला दीड रुपया जातो. दहा लिटरवर रोजचे 15, महिन्याचे साडेचारशे. शेअरच्या कपातीपेक्षा ही गळती मोठी आहे का, ते तूच मांडून बघ.

आणि ती गोठ्यात थांबवता येते. तू ढेप (पेंड) वाढवलीस, पण कुटार (भुसा) आणि कडबा कमी केलास. सुका चारा कमी पडला की फॅट उतरतं. तुझ्या बांधावर तुरीचं आणि सोयाबीनचं कुटार पडून असतं, ते पावसाआधी झाकून ठेव. कडब्याची कुट्टी करून घाल, म्हणजे अर्धा पायदळी जात नाही. पोसण्यापुरता एक किलो खुराक, वर अडीच ते तीन लिटर दुधामागे एक किलो, त्याहून जास्त नको. खनिज मिश्रण रोज. आपल्याकडच्या मे महिन्यात दुपारी ओलं पोतं आणि भरपूर पाणी मिळालं नाही तर ढेपेचा काही उपयोग होत नाही.

तुझी तांबडी गाय विऊन सहा महिने झाले आणि अजून गाभण नाही, हे तू एका ओळीत लिहून पुढे गेलास. मला सगळ्या पत्रात तेच जास्त गंभीर वाटलं. ती दर 21 दिवसांनी माजावर येते का, याची कॅलेंडरवर खूण कर. पहाटे माज दिसला तर संध्याकाळी रेतन. दोनदा उलटली, म्हणजे रेतन करूनही पुन्हा माजावर आली, तर पशुवैद्यक महाविद्यालयाच्या दवाखान्यात दाखव, नागपूर तुला लांब नाही.

म्हशीचं सकाळचं दूध नागपुरात मानेवाडा, हुडकेश्वर भागात घरोघरी देण्याचा तुझा विचार मला आवडला. मात्र सगळं दूध संस्थेला घालणाऱ्या सभासदाला अन्न सुरक्षा नोंदणीतून सूट आहे, बाहेर विकायला लागलास की नोंदणी करावी लागेल. आणि संस्थेला किमान किती दूध घालावं लागतं, ते उपविधीत आधी वाच.

वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत व्हावी लागते. तान्हा पोळा झाला की पावत्या, शेअरचा दाखला आणि उपविधीची प्रत घेऊन घरी ये. सभेत विचारायचे प्रश्न आपण दोघं बसून लिहू. तोवर राजीनामा खिशातच राहू दे.

तुझी,
काकू