माथा उडतो की खचतो?

प्रश्न : अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये क्रेटर लेकच्या जागी पूर्वी उंच डोंगर होता आणि स्फोटात त्याचा माथा उडाला, असं वाचलं. मग एवढा दगड गेला कुठे? (एक वाचक, सातारा)

माथा उडाला नाही, खाली बसला. तो उडाला असता, तर मझामा या ज्वालामुखी डोंगराच्या जुन्या खडकाचे तुकडे आसपास ढिगांनी सापडले असते. तिथल्या थरांत मात्र बहुतेक सगळी ताज्या शिलारसाची राख आणि प्यूमिस (फेसासारखा सच्छिद्र, हलका दगड) आहे. जुना खडक अगदी थोडा.

ही घटना सुमारे ७,७०० वर्षांपूर्वीची. आधी एकाच मुखातून राखेचा उंच स्तंभ उठला. काही किलोमीटर खोलवरची शिलारसाची कोठी रिती होऊ लागली, दाब उतरला आणि छताचा आधार गेला. छताभोवती वलयाकार भेगा पडल्या आणि ते दट्ट्यासारखं खाली सरकलं. असं खचून झालेल्या खड्ड्याला कॅल्डेरा म्हणतात. खचणं म्हणजे उद्रेक संपला, असा समज असतो. तो चुकीचा आहे. खाली येणारं छत उरलेल्या शिलारसाला दाबतं आणि तो भेगांतून चहूबाजूंनी उसळतो. तापलेल्या राखेचे आणि वायूंचे सर्वांत विध्वंसक लोट याच वेळी निघतात. मझामातून एकूण सुमारे ५० घन किलोमीटर शिलारस बाहेर आला.

आज या खड्ड्याचा काठ साधारण ८ बाय १० किलोमीटर आहे, पण मूळ भेगांचं वलय याहून लहान असणार. उभे कडे टिकत नाहीत. दरडी आत कोसळतात आणि काठ मागे हटत जातो. तळावर पुढे लहान शंकू उभे राहिले. त्यांतला एक विझार्ड बेट म्हणून पाण्यावर दिसतो. पावसाच्या आणि वितळलेल्या बर्फाच्या पाण्यानं तळं भरायला काही शतकं लागली. खोली ५९४ मीटर. त्यातून एकही नदी निघत नाही. बाष्पीभवन आणि झिरपणं यांनीच पातळी राखली जाते.

प्रश्न : मोठ्या स्फोटाशिवाय कॅल्डेरा होतो का? (एक वाचक, डोंबिवली)

होतो. हवाईतल्या किलाउएआ ज्वालामुखीवर २०१८ साली तो खचताना मोजता आला. शिखराखालचा शिलारस जमिनीखालून वाहत सुमारे ४० किलोमीटरवर लाव्हा म्हणून बाहेर पडत होता. मे ते ऑगस्टदरम्यान शिखराचा तळ एकदम नव्हे, टप्प्याटप्प्यानं खचला, आणि मोठ्या टप्प्यांना पाचच्या वर तीव्रतेच्या भूकंपाइतके धक्के बसले. सर्वांत खोल भाग सुमारे ५०० मीटर खाली गेला. २०१९ मध्ये तिथे भूजल साचून तळं झालं. डिसेंबर २०२० मध्ये नव्या लाव्हानं ते उकळून आटवलं आणि खड्डा पुन्हा भरू लागला.

प्रश्न : लोणारचं सरोवरही कॅल्डेराच ना? (एक वाचक, बुलढाणा)

नाही. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं ते विवर उल्काघाताचं आहे. तिथल्या बसाल्टातल्या काही फेल्डस्पार या खनिजाची आघाताच्या दाबानं काच झाली आहे. ज्वालामुखीत एवढा दाब निर्माण होत नाही.

प्रश्न : एकदा खचलेली जमीन पुन्हा वर येते का? (एक वाचक, पणजी)

येते. सुमात्रातल्या टोबा सरोवरातलं समोसिर बेट म्हणजे सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीच्या उद्रेकानंतर खालून वर ढकलला गेलेला तळच आहे. त्यावर सरोवरातला गाळ सापडतो. इटलीत नेपल्सजवळच्या काम्पी फ्लेग्रेई या कॅल्डेरात १९८२ ते १९८४ दरम्यान पोत्सुओली शहराखालची जमीन सुमारे १.८ मीटर उचलली गेली. घरांना तडे गेले, बंदर उथळ झालं, हजारो लोकांना हलवावं लागलं. उद्रेक मात्र झाला नाही. शिलारसाबरोबरच वायू आणि तापलेलं भूजलही जमीन फुगवतं, त्यामुळे नुसत्या उंचीवरून निष्कर्ष काढू नये. भूकंपांची खोली आणि बाहेर पडणाऱ्या वायूंचं प्रमाण हेही तिथे सतत तपासलं जातं.