भाऊ जिममध्ये इंजेक्शनं घेतो आणि चिडका झालाय. स्टिरॉइडमुळेच का? बंद करायला लावू का?

शक्यता आहे, पण 'स्टिरॉइड घेतलं की माणूस पिसाळतो' हे तितकंसं खरं नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात ५० पुरुषांना टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन; जिममधली स्टिरॉइडं म्हणजे हेच किंवा याचेच कृत्रिम भाऊबंद) दिलं, डोस वाढवत आठवड्याला ६०० मिलिग्रॅमपर्यंत. ४२ जणांच्या मनःस्थितीत फारसा फरक पडला नाही, ६ जणांत मध्यम, दोघांत मात्र ठळक उन्माद दिसला. कोणाचं डोकं फिरेल हे आधी सांगता येत नाही.

आता जिममधला हिशेब. हार्मोन कमी पडतं म्हणून डॉक्टर देतात तो डोस आठवड्याला साधारण १०० मिलिग्रॅम. 'सायकल' मारणारे, म्हणजे काही आठवडे सलग स्टिरॉइड घेणारे, याच्या पाच-दहापट घेतात, वर 'डेका' (नॅन्ड्रोलोन), 'ट्रेन' (ट्रेनबोलोन) या दुसऱ्या स्टिरॉइडांचा 'स्टॅक', म्हणजे एकत्र मारा. बाटलीत लेबलावरचंच औषध असेल याची खात्री नाही. सोबत 'कटिंग'साठी, म्हणजे चरबी उतरवायला, क्लेनब्युटेरॉल हे औषध असेल, तर हात थरथरणं, धडधड, झोप उडणं त्यानेही होतं. म्हणून आधी 'नक्की काय काय घेतोस?' हे विचारा, आणि तो शांत असताना विचारा.

रागापेक्षा झोपेकडे लक्ष द्या. तीन-चार तास झोपूनही थकवा नाही, अखंड बडबड, उधळपट्टी, संशय असं दिसलं तर मानसोपचारतज्ज्ञाला लगेच दाखवा.

बंद करणं गरजेचं आहे, पण नुसतं दटावून इंजेक्शनं फेकून देऊ नका. बाहेरून हार्मोन मिळत असल्याने मेंदू वृषणांना काम करण्याचा संदेशच पाठवत नाही. औषध अंगातून उतरलं की काही आठवडे, कधी कित्येक महिने, स्वतःचं टेस्टोस्टेरॉन तळाला असतं: उदासी, कामेच्छा शून्य, 'शरीर उतरलं' ही घालमेल. बरेच जण नेमके इथेच पुन्हा सुई हातात घेतात. म्हणून एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे (हार्मोनतज्ज्ञाकडे) जाऊनच थांबवा. सकाळी १० च्या आत टेस्टोस्टेरॉन, एलएच, एफएसएच (मेंदूकडून वृषणांना संदेश देणारी हार्मोन्स) तपासा, जोडीला हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण), लिपिड (रक्तातली चरबी), लिव्हर. डॉक्टरांपासून काही लपवू नका, नाहीतर रिपोर्टचा अर्थ चुकीचा लागतो.

(दमा-संधिवातासाठी दिलेलं प्रेडनिसोलोन हे वेगळं स्टिरॉइड. त्यानेही मूड बिघडतो, विशेषतः दिवसाला ४० मिलिग्रॅमच्या वर. तेही मनाने अचानक बंद करायचं नाही.)

थांबवल्यानंतरच्या काळात भाऊ मरणाची भाषा बोलला, तर त्याला एकटं सोडू नका. टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.