वाचकांच्या शंका : झिप, रार आणि त्यांतले घोळ

या अंकासाठी आलेल्या प्रश्नांत झिप फाइलींचे, म्हणजे अनेक फाइली एकत्र बांधलेल्या गठ्ठ्यांचे, प्रश्न सर्वाधिक आहेत. रार हाही तसाच एक प्रकार. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरे विंडोज १० आणि ११ धरून दिली आहेत. असे गठ्ठे उघडणारे सेव्हन-झिप हे मोफत सॉफ्टवेअर बऱ्याच ठिकाणी लागेल. ते सेव्हन-झिप डॉट ऑर्ग या मूळ संकेतस्थळावरूनच घ्या. सर्चमध्ये वर येणाऱ्या जाहिरातींवर क्लिक करू नका, सारख्या नावाची बनावट संकेतस्थळेही असतात.

प्रश्न : शाळेच्या निकालाची एक्सेल फाइल झिपमध्ये आली. उघडून गुण भरले, सेव्ह केले. दुसऱ्या दिवशी झिप उघडली तर सगळे रकाने कोरे. गुण गेले कुठे?

उत्तर : झिपवर डबल-क्लिक केले की विंडोज ती फोल्डरसारखी दाखवते, पण ते खरे फोल्डर नसते. आतली फाइल उघडली की तिची एक तात्पुरती प्रत टेम्प फोल्डरात निघते आणि तुम्ही त्या प्रतीत काम करत असता. ही प्रत ‘रीड-ओन्ली’ (फक्त वाचण्यापुरती) असते, म्हणून एक्सेल ‘सेव्ह अॅज’ विचारते, आणि तिथे समोर येणारी जागाही बहुधा तोच टेम्प फोल्डर असतो. घाईत ओके दाबले की काम तिथे जाते. झिपमधली मूळ फाइल आहे तशीच राहते.

आधी शोधा, गुण मिळण्याची शक्यता चांगली आहे. विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा. येणाऱ्या चौकटीत टक्क्याचे चिन्ह, इंग्रजीत टेम्प, पुन्हा टक्क्याचे चिन्ह असे टाइप करून एंटर करा. तिथे नावात तुमच्या झिपचे नाव असलेले फोल्डर दिसेल, बऱ्याचदा ते ‘टेम्प१’ने सुरू होते. एक्सेलमधली अलीकडे उघडलेल्या फाइलींची यादीही पाहा. हे होईपर्यंत डिस्क क्लीनअप किंवा ‘स्टोरेज सेन्स’ चालवू नका, या सोयी टेम्पमधल्या फाइली पुसतात.

यापुढे झिप आली की राइट-क्लिक, ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’, आणि मगच निघालेल्या फोल्डरातली फाइल उघडा. सॉफ्टवेअरचा सेटअप झिपमधूनच चालवल्यावर ‘अमुक डीएलएल सापडत नाही’ असे येते, त्याचेही कारण हेच आहे. टेम्पमध्ये एकटी सेटअप फाइल निघते, तिच्या सोबतच्या फाइली आतच राहतात.

प्रश्न : दिवाळी अंकाचा मजकूर लेखकांकडून झिपमध्ये येतो. मॅकवरून आलेल्या झिपमधली मराठी नावे आमच्याकडे वाचताच येत नाहीत. पन्नास लेखांतला कुठला कोणाचा, हे एकेक उघडून पाहावे लागते.

उत्तर : नावे नीट पाहा. ग्रीक अल्फा आणि त्याच्या मागोमाग डोक्यावर लाट असलेला (लहान किंवा मोठा) एन, ही जोडी पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर तुमची नावे शाबूत आहेत. यूटीएफ-८ या युनिकोड अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत लिहिले जाते. त्यांतला पहिला बाइट नेहमी तोच असतो आणि दुसरा दोनांपैकी एक. ते बाइट ४३७ या जुन्या कोड पेजने (अक्षरांच्या तक्त्याने) वाचले की नेमकी हीच जोडी उमटते.

झिपची रचना १९८९ची, अमेरिकेतल्या पीकेवेअर या कंपनीची. तेव्हा नावांसाठी इंग्रजी आणि काही युरोपीय अक्षरे पुरेशी धरली होती. ‘हे नाव यूटीएफ-८ मध्ये आहे’ असे सांगणारी खूण २००६ मध्ये आली. मॅकमध्ये मुळात असलेली झिप करण्याची सोय नाव यूटीएफ-८ मध्येच लिहिते, पण ही खूण उमटवत नाही. विंडोज मग जुन्या पद्धतीने वाचते.

उपाय असा. झिप असलेले फोल्डर उघडा, वरच्या पत्त्याच्या पट्टीत इंग्रजीत सीएमडी टाइप करून एंटर करा. काळी खिडकी उघडेल. सी ड्राइव्हवरच्या ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये सेव्हन-झिपच्या फोल्डरात ‘७झेड डॉट ईएक्सई’ ही फाइल आहे, ती ओढून या खिडकीत सोडा. तिचा पूर्ण पत्ता आपोआप उमटतो. पुढे एक जागा सोडून एक्स, पुन्हा जागा सोडून झिपचे नाव (नावात मोकळी जागा असेल तर दुहेरी अवतरणात), पुन्हा जागा, आणि शेवटी उणे चिन्हाला चिकटून एमसीपी, बरोबरचे चिन्ह, ६५००१. हे सगळे इंग्रजी अक्षरे-अंकांत, आणि हा शेवटचा भाग मधे कुठे जागा न सोडता. ६५००१ हा यूटीएफ-८चा क्रमांक आहे. एंटर केले की मराठी नावांसह फाइली बाहेर येतात.

दर वर्षी हे करायचे नसेल तर लेखकांना सेव्हन-झेड (सेव्हन-झिपच्या स्वतःच्या) प्रकारात पाठवायला सांगा. मॅकवर ‘केका’ हे सॉफ्टवेअर ते करते. या प्रकारात नावे कायम युनिकोडमध्येच असतात, त्यामुळे खुणेचा प्रश्नच येत नाही. झिपसोबत आलेले ‘मॅकओएसएक्स’ नावाचे फोल्डर आणि टिंब-अधोरेखेने सुरू होणाऱ्या छोट्या फाइली मात्र निर्धास्तपणे काढून टाका, त्यांत मजकूर नसतो.

नावांच्या जागी प्रश्नचिन्हे किंवा नुसत्या अधोरेखा असतील तर मात्र झिप करतानाच अक्षरे गेली आहेत, ती कुठल्याही उपायाने परत येत नाहीत. आणि नाव नीट असून लेखच वाचता येत नसेल तर तो फाँटचा प्रश्न आहे. लेख युनिकोडपूर्व फाँटात टाइप केलेला असणार. झिपचा त्याच्याशी संबंध नाही.

प्रश्न : डाउनलोड केलेली झिप ‘इनव्हॅलिड’ म्हणते. दुसऱ्या सॉफ्टवेअरने उघडेल का?

उत्तर : बहुधा नाही. झिपमध्ये आतल्या फाइलींची यादी सगळ्यात शेवटी असते. डाउनलोड ९८ टक्क्यांवर तुटले तरी नेमकी यादीच राहून जाते आणि विंडोजला आत काय आहे ते कळत नाही. संकेतस्थळावर दिलेला आकार आणि तुमच्या फाइलचा आकार ताडून पाहा. कमी असेल तर पुन्हा डाउनलोड करा.

फाइल अवघी काही केबींची असेल तर ती नोटपॅडमध्ये उघडा. खरी झिप इंग्रजी ‘पीके’ या दोन अक्षरांनी सुरू होते (रचनाकार फिल कॅट्झ यांची आद्याक्षरे). तिथे एचटीएमएल (वेबपानाची भाषा) दिसले, तर झिपऐवजी लॉगिनचे किंवा ‘मुदत संपली’ सांगणारे पान उतरले आहे. लॉगिन करून पुन्हा प्रयत्न करा.

यादी दिसते पण काढताना ‘सीआरसी एरर’ येते, तेव्हा मधला भाग बिघडलेला असतो. सेव्हन-झिपमध्ये ‘टेस्ट आर्काइव्ह’ चालवले की नेमकी कोणती फाइल बिघडली ते कळते. बाकीच्या बिनघोर वापरता येतात.

प्रश्न : एकाच नावाच्या पाच रार फाइली आहेत, पार्ट१ ते पार्ट५. प्रत्येक वेगळी उघडायची का?

उत्तर : नाही. पाचही एकाच फोल्डरात ठेवा, नावे बदलू नका, फक्त पार्ट१ एक्स्ट्रॅक्ट करा. पुढचे भाग आपोआप घेतले जातात. दोनदा डाउनलोड झाल्यामुळे नावापुढे कंसात १ आला असेल तर तो काढा, नाहीतर तो भाग सापडत नाही. शेवटचा भाग सोडून सगळ्यांचा आकार सारखा हवा. एखादा लहान दिसला तर तो अर्धवट उतरला आहे, तेवढाच पुन्हा घ्या.

२०२३च्या शेवटी आलेल्या सुधारणेपासून विंडोज ११ रार उघडते. विंडोज १०वर सेव्हन-झिप वापरा, ते रार उघडते पण बनवत नाही. विनरार हे रारचे मूळ सॉफ्टवेअर वापरत असाल तर आवृत्ती ७.१३ किंवा पुढची आहे ना, हे आजच पाहा. जुन्या आवृत्त्यांतल्या त्रुटींचा हल्लेखोरांनी प्रत्यक्ष वापर केला आहे, आणि विनरार स्वतःहून अद्ययावत होत नाही.

प्रश्न : एक्स्ट्रॅक्ट करताना ‘पाथ टू लाँग’ येते. नाव तर फार मोठे नाही.

उत्तर : मर्यादा एकट्या नावाची नसते, ड्राइव्हपासून फाइलपर्यंतच्या अख्ख्या पत्त्याची असते. ती सुमारे २६० चिन्हांची आहे. मराठीत मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जाते. ‘श्री’ आपल्याला एक अक्षर दिसते, संगणकाच्या हिशेबी ती चार चिन्हे आहेत. त्यात ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’ झिपच्या नावाचे फोल्डर बनवते आणि आत बहुतेकदा त्याच नावाचे दुसरे निघते. झिपचे नाव आधीच ‘अ’ करा आणि ती थेट डी ड्राइव्हवर काढा.

प्रश्न : बँकेने आधारची ऑफलाइन ई-केवायसी फाइल मागितली. झिप उतरली, पण शेअर कोड (झिप उघडण्याचा पासवर्ड) आठवत नाही. कोड काढून देणारे सॉफ्टवेअर वापरू का?

उत्तर : अजिबात नको. असली सॉफ्टवेअरे एकेक कोड लावून पाहतात, आणि तुमची ओळखीची कागदपत्रे अनोळखी माणसाच्या हाती जाऊ शकतात. माय आधार संकेतस्थळावर पुन्हा लॉगिन करा, नवा चार अंकी शेअर कोड ठरवा, नवी झिप घ्या. जुनी पुसून टाका.

बँकेला झिप आहे तशीच द्यायची असते, उघडून आतली एक्सएमएल फाइल देऊ नका. त्या एक्सएमएलवर यूआयडीएआयची (आधार देणाऱ्या संस्थेची) डिजिटल सही असते, एखादे अक्षर बदलले तरी पडताळणी फसते. झिप आणि शेअर कोड एकाच संदेशात पाठवू नका. झिप ईमेलने दिली तर कोड फोनवर सांगा.