खाण्याचं छोटं दुकान टाकताय? मग आधी बसायची जागा बघा

मेनू नंतर ठरवा, आधी लोक कुठे टेकणार ते बघा. दाराबाहेर एक बाकडं टाका, म्हणजे पार्सलची वाट बघणारे दोन अनोळखी शेजारी आपोआप बोलायला लागतात, तुम्हाला काही करावं लागत नाही. रे ओल्डनबर्ग या समाजशास्त्रज्ञानं १९८९ मध्ये याला ‘तिसरी जागा’ म्हटलं, घर पहिली, कामाची दुसरी, आणि तिसरी अशी जिथे कोणीही यावं, गप्पा माराव्यात, तिथे हुद्दा वगैरे कोणी विचारत नाही. रोजच्या गिऱ्हाइकांची नावं लक्षात ठेवा, पण नुसतं तेवढ्यावर थांबू नका, त्यांची एकमेकांशी ओळख करून द्या, खरी गंमत तिथेच आहे. एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांना घाईत उठवू नका हो, आणि रोज येणारं माणूस अचानक दिसेनासं झालं तर चौकशी करा. फक्त याची गोष्ट त्याला सांगत बसायचं नाही, हे मात्र कडक पाळा. कामाला माणसं सारखी बदलू नका, ओळखीचा चेहरा असला की लोक परत येतात. भिंतीवर एक बोर्ड लावा, हरवलं-सापडलं, शिकवणी, भाड्याची खोली, काय ते लोकांना लावू दे. मोठ्या आवाजातला टीव्ही तेवढा नको, सगळे तिकडेच बघत बसतात.