एकाच गिटारमधून इलेक्ट्रिक आणि अकूस्टिक: वापरलेली घेताना काय बघावं?

प्रश्न थोडक्यात: ऑर्केस्ट्रात जुनी हिंदी-मराठी गाणी वाजवतो. एका गाण्यात इलेक्ट्रिकचा सोलो असतो आणि लगेच पुढच्यात अकूस्टिकचं स्ट्रमिंग. दर कार्यक्रमाला दोन गिटार नेणं जमत नाही. दोन्ही आवाज देणारी, म्हणजे हायब्रिड, वापरलेली इलेक्ट्रिक गिटार घ्यायची आहे, बजेट ५० हजारांच्या आत. काय घ्यावं आणि काय तपासावं?

उत्तर:

गिटार शोधण्याआधी तिचा आवाज कशातून बाहेर येणार हे ठरवा. या खरेदीत सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. गिटारच्या अ‍ॅम्पमधला स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर फारसं काही देत नाही. डिस्टॉर्शनला (मुद्दाम फाटवलेल्या आवाजाला) तेच हवं असतं, कारण वरची खरखर कापली जाते. पण अकूस्टिकचा झणकार आणि पिकचा तारेवरचा तो ‘छुक’ बराचसा त्या वरच्या भागातच असतो. त्यामुळे उत्तम हायब्रिड गिटारसुद्धा साध्या प्रॅक्टिस अ‍ॅम्पवर डब्यात कोंडल्यासारखी वाजते. विकणारा बहुतेक वेळा असाच अ‍ॅम्प लावून दाखवतो. अकूस्टिक बाजू ऐकायची ती पीए स्पीकर (कार्यक्रमात प्रेक्षकांसाठी लावतात तो), कीबोर्ड अ‍ॅम्प किंवा ऑडिओ इंटरफेसला (गिटार कॉम्प्युटरला जोडणारी पेटी) लावलेला हेडफोन यांतूनच. तुम्ही स्टेजवर मिक्सरमध्येच जाणार आहात, म्हणजे तुमच्यासाठी हीच खरी परीक्षा आहे.

आता आवाज तयार कसा होतो ते बघू. पहिला आणि सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे ब्रिजमधला, म्हणजे बॉडीवर तारा टेकतात त्या भागातला, पिएझो. नेहमीचा चुंबकी पिकअप स्टीलच्या तारेची हालचाल पकडतो, पिएझो सॅडलवर (ब्रिजवरच्या तारेच्या टेकूवर) पडणारा दाब पकडतो. म्हणून त्यात लाकडाचा आणि पिकच्या आघाताचा अंश येतो. १९९३ मध्ये आलेल्या पार्कर फ्लायमध्ये फिशमनचा पिएझो होता. कॅनडाच्या गोडिनच्या काही मॉडेलांत आणि म्युझिक मॅनच्या जॉन पेट्रुची मालिकेतल्या अनेक गिटारमध्येही पिएझो मिळतो. दुसरा मार्ग मॉडेलिंगचा, म्हणजे लाइन सिक्सची व्हेरिअ‍ॅक्स. तिच्यात प्रत्येक तारेचा सिग्नल वेगळा घेऊन आतला प्रोसेसर त्याला अकूस्टिकचं रूप देतो. तिसरा मार्ग पोकळ बॉडीचा: टेलरची टी-फाइव्ह (२००५) आणि फेंडरची अकूस्टासॉनिक (२०१९).

तुमच्या बजेटमध्ये अमेरिकन अकूस्टासॉनिक आणि टेलर बसत नाहीत. बसल्या असत्या तरी तुमच्या कामाला मी त्या सुचवल्या नसत्या. अकूस्टासॉनिकचा ब्रिज अकूस्टिकसारखा एकसंध सॅडलचा असतो, त्यामुळे तारेगणिक इंटोनेशन (सगळ्या फ्रेटवर सूर बरोबर येणं) जुळवता येत नाही आणि तारा खाली आणायच्या तर सॅडल तळाकडून घासावं लागतं. शिवाय पोकळ बॉडी मोठ्या आवाजात, मॉनिटरसमोर, फीडबॅकला लवकर चढते. ज्यांचं बहुतेक वाजवणं अकूस्टिक आहे त्यांच्यासाठी या सुंदर गिटार आहेत. सोलोला ताणलेला डिस्टॉर्शन हवा असेल तर भरीव किंवा अर्धवट पोकळ बॉडीत बसवलेला पिएझोच घ्या. पार्कर फ्लाय हलकी आणि वाजवायला फार छान, पण तिचं उत्पादन बंद झालंय. आतलं सर्किट गेलं तर सुटे भाग शोधणं हा वेगळाच उद्योग होऊन बसतो.

व्हेरिअ‍ॅक्स वापरलेली स्वस्तात मिळते आणि मोह होतो. घेताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. २००२ पासूनच्या सुरुवातीच्या मॉडेलांत चुंबकी पिकअप नाहीतच. प्रोसेसर बंद पडला की गिटार मुकी. २०१० नंतरच्या जेम्स टायलर मालिकेत चुंबकी पिकअप आहेत, पण ती रिचार्ज होणाऱ्या बॅटरीवर चालते आणि जुनी बॅटरी ऐन कार्यक्रमात मान टाकते. विकणाऱ्याला ती आदल्या रात्री पूर्ण चार्ज करून ठेवायला सांगा आणि निदान तासभर सलग वाजवून बघा. तिच्यावरचं नेटवर्क केबलसारखं दिसणारं सॉकेट हे तिच्या स्वतःच्या जोडणीसाठी आहे. तिथे घरचा राउटर लावून ‘बघू चालतं का’ असं करू नका.

जाताना काय न्यायचं? नवी ९ व्होल्टची अल्कलाइन बॅटरी, साधी मोनो केबल, एक स्टिरिओ केबल, एक वाय केबल (एका टोकाला स्टिरिओ जॅक, दुसऱ्या बाजूला दोन मोनो), मल्टीमीटर, ट्यूनर, कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), छोटी पट्टी, हेडफोन आणि इंटरफेस. मॉडेलचं मॅन्युअल आधीच फोनवर उतरवून ठेवा, कारण कुठला आवाज कुठल्या जॅकमधून निघतो हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं.

बॅटरी विकणाऱ्याची न वापरता तुमची नवी घाला. उतरलेल्या बॅटरीवर, साधारण ७.५ व्होल्टच्या खाली, पिएझो तडतडतो आणि फाटतो. मग चांगला पिएझो खराब वाटतो किंवा खराब पिएझोला ‘बॅटरी संपलीय हो’ असं म्हणून खपवलं जातं. बॅटरीच्या कप्प्यात हिरवट-पांढरी पूड दिसली तर बॅटरी फुटून गळलेली आहे. क्लिप बदलणं सोपं, पण ते पाणी प्रीअ‍ॅम्पच्या (पिएझोचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या सर्किटच्या) बोर्डापर्यंत गेलंय का, ते मागचं झाकण उघडून बघाच. मुंबई-कोकणातल्या दमट हवेतली गिटार असेल तर या तपासणीत घाई करू नका.

आता पिएझोची खरी तपासणी. चुंबकी पिकअप पूर्ण बंद, फक्त पिएझो चालू. सहाही तारा मोकळ्या, एकेक, सारख्याच जोराने छेडा. प्रत्येक सॅडलमध्ये वेगळा पिएझो असेल आणि एखादी तार एकदम क्षीण किंवा मुकी असेल, तर त्या सॅडलची केसासारखी बारीक वायर तुटलीय किंवा आतला स्फटिक तडकलाय. खात्रीसाठी ती तार थोडी सैल करा आणि पेन्सिलच्या मागच्या टोकाने त्या सॅडलवर हलकेच टकटक करा. शेजारच्या सॅडलवर ‘टक’ स्पष्ट येतो आणि इथे येत नाही, म्हणजे दोष सॅडलचा किंवा वायरचा, तारेचा नाही. ट्रेमोलो ब्रिज (बारने हलणारा) असेल तर वायर सारखी वाकत राहते. बार दाबून-सोडून बघा, आवाज मध्येच जात-येत असेल तर ती तुटायच्या बेतात आहे. अकूस्टिकसारखी सॅडलखाली एकच पट्टी असेल, तर असमान आवाजाचं कारण बहुधा साधं असतं: सॅडलचा तळ सपाट नाही किंवा खाचेत कचरा अडकलाय. ते चांगला कारागीर दुरुस्त करतो.

मुका सॅडल सापडला म्हणून गिटार लगेच नाकारू नका. पण भाव करताना एका सॅडलचा नाही, पूर्ण सहाच्या संचाचा आणि बसवण्याचा खर्च वजा करा. एकच सुटा सॅडल मिळाला तरी त्याचा आवाज बाकीच्या पाचांशी जुळेलच असं नसतं. सॅडलच्या उंचीचे स्क्रू घामाने आणि दमट हवेने गंजून धरलेत का, तेही पाना लावून पाव फेरा फिरवून बघा. अडकले असतील तर विकणाऱ्याला त्यावर गंज सोडवणारा फवारा मारू देऊ नका. तो पिएझोच्या जोडणीत झिरपू शकतो.

पुढचं तंत्र थोडं नाजूक आहे, पण पाच मिनिटांत होतं. अशा गिटारमध्ये प्रीअ‍ॅम्प बहुतेक वेळा केबल घातल्यावरच चालू होतो, कारण स्टिरिओ जॅकचा मधला संपर्क बॅटरीचा स्विच म्हणून वापरलेला असतो. कोणी दुरुस्तीत साधा मोनो जॅक बसवला असेल तर बॅटरी एक तर कायम चालू राहते किंवा जोडलीच जात नाही. बॅटरी क्लिपमधून सोडवून अशी तिरकी फिरवा की तिचं एकच टोक क्लिपला लागेल. उरलेल्या दोन टोकांमध्ये मल्टीमीटर मिलिअँपिअरवर लावा. केबल बाहेर असताना शून्य दिसायला हवं, आत घातल्यावर थोडे मिलिअँपिअर. केबल बाहेर असूनही आकडा दिसला तर बॅटरी पेटीतच संपत राहणार.

मग ब्लेंड, म्हणजे चुंबकी आणि पिएझो आवाजांचं मिश्रण. दोन्ही आवाज अर्धे-अर्धे ठेवून खालची (जाड) ई तार मोकळी वाजवा. एकेकटे भरदार वाटणारे आवाज एकत्र केल्यावर खर्ज नाहीसा होऊन पोकळ होत असतील तर दोघांची फेज उलटी आहे, म्हणजे एकाची लहर वर जाते तेव्हा दुसऱ्याची खाली. काही प्रीअ‍ॅम्पवर यासाठी बारीक स्विच असतो, नसेल तर पिकअपच्या दोन वायरी उलट जोडाव्या लागतात. दोष किरकोळ आहे, पण दुकानात कळला तर भाव कमी करता येतो.

हाच पोकळपणा कधीकधी गिटारचा नसून जोडणीचा असतो आणि ऑर्केस्ट्रात हे हमखास घडतं. स्टिरिओ आउटपुटमध्ये एका संपर्कावर चुंबकी आणि दुसऱ्यावर पिएझो असतो. साउंडवाला ती स्टिरिओ केबल सरळ मिक्सरच्या बॅलन्स्ड इनपुटमध्ये खोचतो. बॅलन्स्ड इनपुट दोन संपर्कांतला फरक घेतं, म्हणजे तुमचा एक आवाज दुसऱ्यातून वजा होतो. उपाय वाय केबलचाच: चुंबकी आवाज पेडल आणि अ‍ॅम्पकडे, पिएझो स्वतंत्र डीआय बॉक्समधून (गिटारचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी छोटी पेटी) मिक्सरच्या वेगळ्या चॅनलला. त्या चॅनलवर ८० हर्ट्झच्या खालचं कापा आणि दीड ते तीन किलोहर्ट्झच्या पट्ट्यात ३ ते ५ डेसिबल कमी करा, पिएझोचा ‘क्वॅक’ तिथेच असतो. डिस्टॉर्शनच्या पेडलमधून पिएझो चुकूनही नेऊ नका. गिटारमध्ये प्रीअ‍ॅम्प नसून नुसता पिएझो असेल तर डीआयचा इनपुट इम्पीडन्स किमान १ मेगाओम हवा, शक्यतो १०. नाहीतर खालचा सगळा भाग गळून आवाज पातळ होतो.

हमिंगबद्दल एवढंच: तारांना हात लावल्यावर गुणगुण थोडी कमी होणं नेहमीचं आहे. खूप असेल तर आधी घरातला दुसरा, अर्थिंग असलेला थ्री-पिन सॉकेट वापरून बघा, मग गिटारला दोष द्या.

बाकी तपासणी कुठल्याही इलेक्ट्रिकसारखी. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून नेक जिथे बॉडीला मिळतो तिथे खालची ई दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटवर ०.२ ते ०.३ मिलिमीटर फट असावी. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची बारीक ईला दीड आणि जाड ईला दोन मिलिमीटरच्या आसपास. प्रत्येक फ्रेटवर सूर वाजवून बघा. पिएझो झणझण लपवत नाही, उलट वाढवून दाखवतो.

गिटारवर ब्राँझच्या अकूस्टिक तारा चढवलेल्या असतील तर चुंबकी पिकअपवर वरच्या दोन साध्या तारा ओरडतील आणि गुंडाळलेल्या तारा दबतील. ब्राँझला चुंबक ओळखत नाही, आतल्या पोलादी गाभ्यालाच ओळखतो. हा पिकअपचा दोष नाही, तारा बदलल्या की जातो.

बजेटमध्ये मनासारखी हायब्रिड मिळाली नाही तर? चांगल्या नेकची साधी वापरलेली इलेक्ट्रिक घ्या, उदाहरणार्थ यामाहा पॅसिफिका, आणि बॉस एसी-३ सारखं अकूस्टिक सिम्युलेटर पेडल साखळीत सगळ्यात आधी लावा. नेक आणि मधला सिंगल कॉइल एकत्र असलेल्या जागेवर ते सगळ्यात पटण्यासारखं वाजतं. जाड आवाजाच्या हंबकरवर (दोन कॉइलच्या पिकअपवर) नाही. बँडमध्ये मिसळलेलं स्ट्रमिंग यातून निभतं. गाण्याच्या सुरुवातीचं एकटं प्लकिंग मात्र नकली वाटतं. तुमच्या कार्यक्रमात अशा एकट्या सुरुवाती किती आहेत, ते मोजून ठरवा.

त्याच गिटारला नंतर पिएझो ब्रिज बसवता येतो. फिशमनचे पॉवरब्रिज आणि ग्राफ टेकचे घोस्ट सॅडल त्यासाठीच आहेत. मागवण्याआधी मोजा: गिब्सनच्या लेस पॉल धर्तीच्या ब्रिजचे दोन खांब केंद्रापासून केंद्रापर्यंत किती दूर (बहुधा ७४ मिलिमीटर) आणि आटे कोणत्या मापाचे. फेंडरच्या स्ट्रॅट धर्तीवर दोन्ही ई तारांमधलं अंतर, कारण जुन्या आणि नव्या मापांत साधारण चार मिलिमीटरचा फरक पडतो. आत प्रीअ‍ॅम्प आणि बॅटरीला जागा आहे का, तेही बघा. नसेल तर लाकूड कोरावं लागतं, आणि ते काम ज्याने हे आधी केलंय अशाच कारागिराला द्या.

घेतल्यावर नेहमीचा ०१० चा संच (सगळ्यात बारीक तार ०.०१० इंच) लावलात तर पिएझोवर तिसरी (जी) साधी, म्हणजे न गुंडाळलेली, तार बाकीच्यांपेक्षा पुढे येते. स्ट्रमिंग जास्त असेल तर गुंडाळलेल्या जीचा ०११ चा निकेल संच लावा. सोलोत जी ताणणं जड जाईल आणि नट, नेक व इंटोनेशन पुन्हा जुळवावं लागेल. बेंड फार वाजवत असाल तर ०१० च ठेवा आणि पिएझोच्या चॅनलवर थोडा कॉम्प्रेसर लावा.